तंबूतले नातेवाईक : अमृतसरचे डॉ. विद्यासागर

मधुमेह, थायरॉइड, रक्तदाब यावर मी इथे नेहमी लिहितो. आज एका डॉक्टरांविषयी लिहायचं आहे. ते मानसोपचारतज्ज्ञ होते आणि त्यांचं बहुतेक काम पंजाबात झालं. मी त्यांना कधी पाहिलं नाही. पण माझ्या दवाखान्यात पेशंटच्या खुर्चीशेजारी आणखी दोन खुर्च्या असतात, त्या त्यांच्यामुळे. "डॉक्टर, मी बाहेर थांबू का?" असं कुणी नातेवाईक विचारतो, तेव्हा पेशंटची हरकत नसेल तर मी त्यांना बसवून घेतो, तेही त्यांच्यामुळेच.

त्यांचं नाव डॉ. विद्यासागर. नाव ऐकून बंगालचे ईश्वरचंद्र विद्यासागर आठवतील. ते वेगळे, शंभर वर्षं आधीचे. आपले डॉक्टर स्वातंत्र्यानंतरच्या काळात अमृतसरच्या मेंटल हॉस्पिटलचे सुपरिटेंडेंट होते. आज त्या हॉस्पिटलला त्यांचंच नाव आहे. मानसोपचाराच्या क्षेत्रातल्या जुन्या मंडळींसमोर हे नाव काढलं की आवाज जरा हळू होतो, हे मी दोन-तीनदा पाहिलं आहे. सर्वसामान्य लोकांना मात्र ते माहीत नाहीत. त्याचं एक कारण असं की त्यांनी स्वतः फारसं काही लिहून ठेवलं नाही. त्यांच्याविषयी जे कळतं ते बहुतेक पुढच्या पिढीतल्या डॉक्टरांनी लिहिलेल्या आठवणींमधून.

त्यांनी जे केलं ते एका वाक्यात सांगता येतं. त्यांनी मनोरुग्णाबरोबर त्याच्या घरच्यांनाही हॉस्पिटलात राहायला बोलावलं, आणि जागा नव्हती म्हणून आवारात तंबू ठोकले. एवढंच. पण ही गोष्ट केवढी मोठी होती हे समजायला, ती जिथे झाली नाही तिथे काय होत होतं ते आधी सांगावं लागेल. त्यासाठी मला आमच्याच घरातली एक गोष्ट सांगायची आहे. आजवर ती मी कुठे लिहिली नव्हती.

माझ्या वडिलांचे एक चुलतभाऊ होते. आम्ही त्यांना दादाकाका म्हणायचो. मॅट्रिकला चांगले मार्क, अक्षर मोत्यासारखं, पोस्टात नोकरी. विशी-बाविशीत त्यांचं बिनसलं. रात्र रात्र झोप नाही, शेजारी आपल्याविषयीच बोलतात असा संशय, मग एकट्याने बोलणं, मग अंघोळ बंद. आज कुठलाही डॉक्टर हे ऐकून पहिल्याच भेटीत स्किझोफ्रेनियाचा विचार करेल. तेव्हा घरात आधी देवऋषी झाला, नंतर एक दर्गा, नंतर 'लग्न करून द्या, सुधारेल' हा सल्ला. नशीब की तो मानला गेला नाही. एके दिवशी त्यांनी आजोबांच्या अंगावर पितळी तांब्या फेकला. मग कोर्टाचा कागद काढून त्यांना मेंटल हॉस्पिटलात पोचवलं. हे १९७९ साल. तेव्हा देशात १९१२ चा कायदा चालू होता. त्याच्या नावातच 'ल्युनसी' हा शब्द होता, म्हणजे सरळ 'वेडेपणा'. नातेवाइकांचा अर्ज, दोन डॉक्टरांचे दाखले आणि मॅजिस्ट्रेटची सही, असा तो रस्ता होता. आत जाण्यासाठी मॅजिस्ट्रेटची सही लागायची. बाहेर येण्यासाठी डॉक्टरचं मत तर हवंच, पण त्याहून जास्त गरज असायची ती न्यायला येणाऱ्या माणसाची.

वडील दोनदा भेटायला गेले. पहिल्यांदा दादाकाका त्यांच्याशी बोलले नाहीत. दुसऱ्यांदा बोलले, नीट बोलले, घरी नेता का असं विचारलं. वडील म्हणाले, पुढच्या महिन्यात बघू. त्यानंतर ते गेले नाहीत. घरात तीन मुलींची लग्नं व्हायची होती, आणि 'त्यांच्याकडे एक वेडा आहे' हे वाक्य गावात फिरायला वेळ लागत नाही. सात-आठ वर्षांनी दादाकाका तिथेच न्यूमोनियाने गेले. वडील वारल्यावर त्यांच्या ट्रंकेत जमिनीच्या कागदांमध्ये मला हॉस्पिटलचं एक सरकारी पोस्टकार्ड सापडलं. रुग्णाची प्रकृती समाधानकारक असून त्यास घेऊन जाण्याची व्यवस्था करावी, असा मजकूर होता. तारीख दुसऱ्या भेटीनंतर चार महिन्यांची. वडिलांनी ते फाडलं नाही आणि कुणाला दाखवलंही नाही.

मी वडिलांना दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. ते अतिशय मायाळू गृहस्थ होते. शेजारच्या आजारी माणसासाठी रात्र जागणारे. पण या आजाराविषयी कुणी त्यांना कधीच काही सांगितलं नव्हतं. हॉस्पिटलने पेशंट ताब्यात घेतला, पावती दिल्यासारखा कागद दिला, दार लावलं. दाराच्या आत काय चाललं आहे, औषध काय, किती दिवस, बरं होणार म्हणजे काय होणार, घरी आणल्यावर पुन्हा तांब्या फेकला तर काय करायचं? यातलं काहीच त्यांना माहीत नव्हतं. माणूस भीतीपोटी किती निष्ठुर होऊ शकतो हे मी घरातच पाहिलं, फक्त त्याला भीती म्हणतात हे मला डॉक्टर झाल्यावर कळलं.

आता अमृतसरला जाऊ.

फाळणीपूर्वी पंजाबचं मोठं मेंटल हॉस्पिटल लाहोरला होतं. फाळणीत जमीन, रेल्वे, कचेऱ्या, पोलीस सगळ्यांची वाटणी झाली, पण लाहोरच्या त्या भिंतीआड असलेल्या हिंदू आणि शीख रुग्णांचं काय करायचं, याचा निर्णय व्हायला तीन वर्षं लागली. त्यातले कित्येक जण वाट पाहतच दगावले. उरलेल्यांना १९५० साली सीमा ओलांडून अमृतसरला आणलं आणि भारतातल्या मुस्लीम रुग्णांना तिकडे धाडलं. उर्दू कथाकार सआदत हसन मंटो यांची 'टोबा टेक सिंग' ही कथा याच अदलाबदलीवर आहे. ती १९५५ साली प्रसिद्ध झाली. मंटो स्वतः दारू सोडवण्यासाठी लाहोरच्या त्याच हॉस्पिटलात राहून आले होते. कथा अनेकांनी वाचलेली असते. पण सीमेच्या अलीकडे आल्यावर त्या माणसांचं काय झालं असेल, असा प्रश्न आपल्याला सहसा पडत नाही. त्यांची गावं पलीकडे राहिली, घरच्यांचे पत्ते बदलले, बरेच जण मारले गेले. न्यायला येणारं कुणी उरलंच नव्हतं.

एकंदर देशातली स्थितीही बिकटच होती. १९४६ च्या भोर समितीच्या अहवालात नोंद आहे की अखंड हिंदुस्थानात मनोरुग्णांसाठी सुमारे दहा हजार खाटा होत्या. लोकसंख्या चाळीस कोटींच्या आसपास. त्या समितीसाठी मेंटल हॉस्पिटलांची पाहणी रांचीच्या हॉस्पिटलचे प्रमुख मूर टेलर यांनी केली होती. बहुतेक ठिकाणी उपचारांपेक्षा माणसांना डांबून ठेवण्याचंच काम चालतं, असा त्यांचा निष्कर्ष होता. मनोविकारांचे डॉक्टर हाताच्या बोटांवर मोजावेत इतके. औषधं जवळजवळ नाहीतच. विजेचे झटके १९३८ साली इटलीत शोधले गेले होते, ते हळूहळू सगळीकडे वापरात आले होते. इन्सुलिन देऊन बेशुद्ध करण्याचा एक उपचार होता, तो पुढे मागे पडला. स्किझोफ्रेनियावरचं पहिलं खरं औषध क्लोरप्रोमाझिन. त्याचा वापर पॅरिसमध्ये सुरू झाला १९५२ साली, आणि आपल्याकडे ते सर्वत्र मिळायला आणखी काही वर्षं गेली.

म्हणजे डॉ. विद्यासागरांसमोर होतं ते असं : खचाखच भरलेले वॉर्ड, अपुरे कर्मचारी, हातात दोन-चार उपचार, आणि फाळणीने होरपळलेला प्रांत. अशा वेळी चांगल्यातला चांगला अधिकारी काय करतो? वर पत्र लिहितो. जादा खाटा मागतो, जादा माणसं मागतो, आणि उत्तराची वाट पाहतो. मी सरकारी नोकरीत चार वर्षं काढली आहेत, त्यामुळे सांगतो.

विद्यासागरांनी माणसं मागितली ती पेशंटच्या घरातून. रुग्णाला सोडून जाऊ नका, इथेच राहा, असं त्यांनी नातेवाइकांना सांगितलं. राहायचं कुठे? आवारात. लष्कराकडून जुने तंबू मिळवले आणि ते हॉस्पिटलच्या मोकळ्या जागेत उभे केले. आई, भाऊ, बायको, नवरा, जो कुणी बरोबर असेल तो पेशंटसोबत तंबूत राहू लागला. रुग्णाला खाऊ घालणं, न्हाऊ घालणं, औषध घेतो का ते पाहणं, फिरायला नेणं हे घरचं माणूसच करू लागलं. काही आठवड्यांत रुग्ण सावरला की सगळे मिळून घरी. मागे कुणी उरायचं नाही, कारण घेऊन जाणारं माणूस शेजारच्याच खाटेवर असायचं.

आणि संध्याकाळी डॉक्टर स्वतः त्यांच्यात येऊन बसायचे. पेशंट आणि नातेवाईक एकत्र, जमिनीवर. हा आजार काय आहे, तो बाहेरची बाधा नाही, आईबापाच्या पापाचं फळ नाही, औषधाने आवाज का कमी होतात, बरं वाटल्यावर गोळी का थांबवायची नाही, हे सगळं साध्या भाषेत. तासन् तास. त्यांच्याविषयी लिहिणाऱ्या बहुतेक डॉक्टरांनी या बैठकींचा उल्लेख केला आहे.

माझ्या मनात ते चित्र पक्कं बसलं आहे. लुधियानाकडची एखादी म्हातारी मुलाला घेऊन आली आहे. तिला वाटतं, असं आपल्याच घरात झालं. शेजारच्या तंबूत गुरदासपूरचा एक शेतकरी बायकोला घेऊन आला आहे, त्यालाही तेच वाटतं. तिसऱ्या तंबूतला मुलगा महिन्यापूर्वी भिंतीशी बोलत होता आणि आज पाण्याची बादली भरून आणतो आहे. म्हातारीला डॉक्टरने 'हा बरा होईल' असं दहादा सांगून जे पटणार नाही ते त्या बादलीने पटत असणार. (ही माणसं माझ्या कल्पनेतली आहेत. पण असे तंबू होते आणि अशी माणसं तिथे राहिली, यात कल्पना नाही.)

आमच्या एम.डी.च्या दिवसांत मानसोपचार विभागाचे एक सर होते. त्यांनी मला ही गोष्ट पहिल्यांदा सांगितली. मी तेव्हा वॉर्डात भेटीची वेळ संपली की नातेवाइकांना बाहेर काढण्यात पटाईत होतो. एका पेशंटची आई जाईना, म्हणून मी आवाज चढवला. सरांनी ते ऐकलं. ओरडले नाहीत. चहा पिताना म्हणाले, अमृतसरला एक डॉक्टर होते, ते नातेवाइकांना आत आणण्यासाठी भांडायचे. मग तंबूंची हकीकत सांगितली. मला आठवलं ते ट्रंकेतलं पोस्टकार्ड नव्हे, ते नंतर सापडलं. मला आठवले पुढच्या महिन्यात बघू म्हणून परत आलेले वडील, एस.टी.तून उतरताना त्यांचा चेहरा. मी तेव्हा दहा-अकरा वर्षांचा असेन.

आता थोडं वैद्यकीय. या ब्लॉगचा तो धर्मच आहे.

मनोरुग्णाला दीर्घकाळ कोंडून ठेवलं की मूळ आजारावर दुसरा आजार चढतो. रसेल बार्टन या ब्रिटिश डॉक्टरांनी १९५९ साली त्यावर पुस्तकच लिहिलं आणि त्या अवस्थेला वेगळं नाव दिलं. माणूस मंद होतो, स्वतःहून काही करेनासा होतो, मान खाली घालून पाय ओढत चालतो, कशाचीच मागणी करत नाही. लोकांना वाटतं हे वेडाचं लक्षण. बार्टन म्हणाले, यातलं बरंचसं हे हॉस्पिटलाने केलेलं आहे : बाहेरच्या जगाशी संबंध तुटणं, काम नसणं, स्वतःच्या वस्तू नसणं, सोबतीची माणसं नसणं, पुढे काही होईल ही आशा नसणं. अमृतसरच्या तंबूत यातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट पहिल्या दिवसापासून हजर होती. स्वतःचा पेला, स्वतःची चादर, स्वतःची आई.

मग प्रश्न येतो, घरचे जवळ असले म्हणजे झालं का? नाही. हा मुद्दा नीट समजून घ्या, कारण इथे बऱ्याच जणांची गल्लत होते.

लंडनमध्ये जॉर्ज ब्राउन नावाच्या संशोधकाने १९५० च्या दशकात हॉस्पिटलातून घरी गेलेल्या स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांचा मागोवा घेतला. त्याला एक विचित्र गोष्ट दिसली. आईवडिलांकडे किंवा बायकोकडे परतलेल्यांना पुन्हा पुन्हा झटका येत होता. भाड्याच्या खोलीत परक्यांकडे राहणारे त्यामानाने बरे होते! पुढच्या काही वर्षांच्या अभ्यासातून कारण उलगडलं. घर म्हणून घर वाईट नव्हतं. ज्या घरात रुग्णाला सतत बोल लावले जात, त्याचा तिटकारा केला जाई, किंवा उलट त्याला लहान बाळासारखं धरून श्वासही घेऊ दिला जात नसे, त्या घरांत आजार उलटत होता. पुढे आपल्याकडचे तज्ज्ञही हे कुटुंबांना शिकवू लागले. याच पद्धतीने चंडीगडला भारतीय कुटुंबांचा अभ्यास झाला. डॉ. एन. एन. विग आणि लंडनचे ज्युलियन लेफ यांच्या गटाने तो केला, १९८७ साली प्रसिद्ध झाला. तिथल्या घरांत टोचून बोलण्याचं प्रमाण लंडनपेक्षा बरंच कमी निघालं, आणि पहिल्या वर्षात आजार उलटण्याचंही.

त्याआधी जागतिक आरोग्य संघटनेने १९६० च्या दशकाच्या शेवटी नऊ देशांत एक मोठी पाहणी सुरू केली होती. आपल्याकडचं केंद्र आग्रा. दोन वर्षांनी आणि पाच वर्षांनी त्याच रुग्णांना पुन्हा तपासलं तेव्हा आग्रा, नायजेरियातलं इबादान, कोलंबियातलं काली इथले रुग्ण श्रीमंत देशांतल्या अनेक ठिकाणच्या रुग्णांपेक्षा बरे आढळले. का, यावर आजही वाद आहे. कुटुंब हे एक कारण असावं असं पुष्कळ जण मानतात. मीही मानतो, पण त्यावरून 'आपली संस्कृतीच थोर' असं व्हॉट्सअॅपवर फिरवणाऱ्यांच्यात मी नाही. आमचंही एकत्र कुटुंबच होतं. अकरा माणसं होती घरात.

म्हणूनच मला त्या संध्याकाळच्या बैठका तंबूंइतक्याच महत्त्वाच्या वाटतात. ब्राउनचे आकडे यायच्या आधी, अमृतसरचे हे डॉक्टर नातेवाइकांना केवळ जवळ ठेवत नव्हते, त्यांना शिकवत होते. आळशी म्हणू नका, तो आजार आहे. भास होतो म्हणाला तर 'खोटं बोलतोस' म्हणून भांडू नका आणि 'हो, मलाही ऐकू येतं' असंही म्हणू नका. झोप उडाली तर थांबू नका, घेऊन या. आज कुठलाही चांगला मानसोपचारतज्ज्ञ तुम्हाला हेच सांगेल.

औषधांचं श्रेय मात्र औषधांना द्यायला हवं. क्लोरप्रोमाझिन आणि त्यानंतरची औषधं आली नसती तर केवळ माया आणि तंबू यांवर स्किझोफ्रेनिया आटोक्यात राहिला नसता. मी हे मुद्दाम लिहितो, कारण असं काही वाचून गोळ्या बंद करणारे पेशंट मी पाहिले आहेत. कृपया तसं करू नका. तंबूतही गोळ्या दिल्या जातच होत्या. फक्त ती गोळी कशासाठी हे आईला माहीत होतं, त्यामुळे ती घरी गेल्यावरही चालू राहण्याची शक्यता जास्त होती.

पुढे ही कल्पना इतरत्र पोचली. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने १९५७ साली मानसोपचार केंद्र सुरू केलं, तिथे डॉ. फ्लॉरेन्स निकोल्स यांनी घरचं माणूस सोबत राहिलंच पाहिजे असा नियम ठेवला. बंगळुरूच्या निमहान्समध्ये कुटुंबासह राहण्याचे वॉर्ड झाले. परदेशी डॉक्टर ते बघायला येऊ लागले. विद्यासागर पुढे रोहतकच्या मेडिकल कॉलेजात शिकवायला गेले. त्यांचे तंबू मात्र देशभर काही उभे राहिले नाहीत. बहुतेक सरकारी मेंटल हॉस्पिटलांत उंच भिंत आणि भेटीची वेळ हेच चालू राहिलं. दादाकाका आत गेले तेव्हा अमृतसरचा प्रयोग जवळजवळ तीस वर्षांचा जुना होता.

आणि २००१ च्या ६ ऑगस्टला तामिळनाडूत एरवाडीला आग लागली. दर्ग्याच्या आधाराने चालणाऱ्या एका खासगी आश्रयगृहात मनोरुग्णांना साखळ्यांनी बांधलेलं होतं. २८ जण जळून गेले, पळता आलं नाही म्हणून. त्यांनाही घरच्यांनीच आणून सोडलं होतं. त्या दिवशीची बातमी वाचताना माझे वडील शेजारी बसले होते. त्यांनी पेपर घडी करून ठेवला आणि आत गेले.

२०१७ च्या नव्या कायद्याने साखळदंडावर बंदी घातली. रुग्णाला आपला प्रतिनिधी स्वतः निवडण्याचा हक्क दिला. हा दुसरा भाग मला फार आवडतो. कारण कुटुंब म्हणजे नेहमी आधारच, असं मुळीच नाही. 'वेडी' ठरवून माहेरी किंवा हॉस्पिटलात टाकलेल्या, आणि तोवर नवऱ्याने दुसरं लग्न उरकलेल्या बायका आपल्याच राज्यातल्या मेंटल हॉस्पिटलांत कमी नाहीत. अशा बाईच्या तंबूत सोबतीला कुणाला ठेवणार? तिला विचारलं पाहिजे. बहीण म्हणेल, मैत्रीण म्हणेल, ती जे म्हणेल ते. विद्यासागरांच्या काळात हा प्रश्न कुणी विचारत नव्हतं. आज विचारावा लागतो.

आणखी एक. घरी सांभाळायचं म्हणजे प्रत्यक्षात कुणी सांभाळायचं? आई किंवा बायको. माझ्याकडे ब्लडप्रेशर तपासायला येणाऱ्या, तीस वर्षं मुलाचा स्किझोफ्रेनिया सांभाळणाऱ्या एक आजी आहेत. (तपशील बदलले आहेत.) त्यांचं बी.पी. वर का जातं याचं उत्तर ईसीजीत सापडत नाही. त्यांचा एकच प्रश्न असतो, "माझ्यामागे याचं कोण?" माझ्याकडे त्याचं उत्तर नाही. मी त्यांना पुण्यातल्या 'सा' या संस्थेच्या नातेवाईक गटाचं नाव सांगितलं. ही संस्था डॉ. जगन्नाथ वाणी यांनी उभी केली. ते कॅनडात कॅलगरीला संख्याशास्त्राचे प्राध्यापक होते आणि त्यांच्या पत्नीला स्किझोफ्रेनिया होता. 'देवराई' हा २००४ चा मराठी चित्रपट तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल, त्यामागेही वाणीच होते. सतरंजीवर गोल करून बसलेली, आपापल्या घरातलं मोकळेपणाने बोलणारी माणसं. आजी पहिल्यांदा जाऊन आल्या आणि म्हणाल्या, "डॉक्टर, तिथे सगळे आमच्यासारखेच हो." अमृतसरच्या तंबूत हेच घडत असणार.

घरात कुणाची झोप आठवडाभर उडाली, संशय वाढला, माणूस स्वतःशी बोलू लागला, अंघोळ-जेवण सोडलं, किंवा मरणाची भाषा करू लागला, तर दवाखान्यात या. जवळच्या सरकारी रुग्णालयात गेलात तरी चालेल, आता अनेक जिल्हा रुग्णालयांत मानसोपचाराची ओपीडी असते. मरणाची भाषा असेल तर त्याच दिवशी जा, माणसाला एकटं ठेवू नका. आणि ॲडमिट करावं लागलं तर सोबत राहता येईल का ते विचारा. काही ठिकाणी नाही म्हणतील. तरी विचारा. निदान किती दिवस, कुठलं औषध, घरी कधी आणि घरी आल्यावर काय, हे चार प्रश्न कागदावर लिहून न्या आणि उत्तरं घेतल्याशिवाय परत येऊ नका.

दादाकाकांचं ते पोस्टकार्ड माझ्या दवाखान्यातल्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये आहे. मागच्या बाजूला वडिलांच्या अक्षरात पेन्सिलने एस.टी.ची वेळ लिहिली आहे, सकाळी सव्वासहा. म्हणजे त्यांनी चौकशी केली होती.